यीस्ट-प्रथिनांची भुकटी: क्रायसोपर्लासाठी जरूर घ्या, रेशीमकीटकांसाठी घेऊ नका

मी क्रायसोपर्ला हा मित्रकीटक पाळते. पिकावरची मावा कीड फस्त करते ती त्याची अळी. पंख फुटले की हाच कीटक मधुरस, परागकण आणि माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा यांवर जगतो. त्या प्रौढांसाठी यीस्टच्या प्रथिनांची तयार भुकटी मिळते म्हटल्यावर दोन डबे मागवले. तीन पिढ्या वापरून मग लिहायला बसले आहे.

भुकटी साखर आणि थोड्या पाण्यात कालवायची, दाट लेप झाला की पिंजऱ्यातल्या पट्टीवर ओढायचा. पहिल्या पिढीच्या वेळी एका पिंजऱ्यात हा लेप ठेवला, शेजारच्यात नुसतं मधाचं पाणी. आठवड्याभरात लेपाच्या पिंजऱ्यातलं काळं कापड देठांनी भरून गेलं. केसाएवढा बारीक देठ आणि प्रत्येकाच्या टोकावर एक हिरवट अंडं. किती वेळा पाहिलं तरी मन भरत नाही! मधावरच्या माद्याही टुणटुणीत होत्या, छान उडत होत्या, पण अंडी अगदी तुरळक. साखरेने उडायला बळ येतं, बलक मात्र साखरेतून होत नाही. बलकाचं प्रथिन, व्हायटेलोजेनिन, मादीच्या मेदपिंडात (चरबी नि प्रथिनं साठवणाऱ्या अवयवात) तयार होतं, रक्तात उतरतं आणि वाढती अंडी ते तिथून ओढून घेतात. त्यासाठी अमिनो आम्लं कुठून तरी यायलाच हवीत. मग मधावरच्या त्याच माद्यांना लेप दिला आणि काही दिवसांत त्यांच्याही कापडावर देठ उभे राहिले. माझी खात्री पटली ती तेव्हा.

तक्रार आहे ती डब्यावरच्या एका ओळीबद्दल: ‘अंडी घालणाऱ्या सर्व कीटकांसाठी’. हे चूक आहे. माझ्याकडे तुतीचे रेशीमकीटकही आहेत. त्यांचा पतंग कोषातून बाहेर आल्यावर काहीच खात नाही, तरी एकेक मादी साधारण 400 ते 500 अंडी घालते. ती शिदोरी अळीपणीच बांधलेली असते. पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत अळी तिच्या आयुष्यातल्या एकूण पाल्यापैकी 80 टक्क्यांहून जास्त पाला खाते आणि साठवणीची प्रथिनं रक्तात जमवते. त्यातलं एक तर मादीतच भरपूर साठतं. पुढे कोषात ती मेदपिंडात जातात, मोडतात आणि त्यांतून पतंगाचं अंग नि अंडी घडतात. म्हणजे पाचव्या अवस्थेत पाला कमी पडला, तर नंतर पतंगापुढे कितीही भुकटी ठेवा, ती उणीव भरून निघायची नाही. नवशिक्या माणसाने डब्यावर विसंबून पाल्यात काटकसर केली तर त्याची अख्खी पिढी हातची जाईल. उत्पादकांनी ती ओळ काढून कोणत्या कीटकांचे प्रौढ हे खातात त्यांची नावं छापावीत.

बाकी किरकोळ. कालवलेला लेप दुसऱ्या दिवशी आंबतो आणि बुरशी धरतो, तेव्हा रोज थोडाच करा. झाकण सैल आहे; भुकटीचे खडे झाले, म्हणून मी ती काचेच्या बरणीत काढली.

क्रायसोपर्लासाठी पुन्हा मागवणार आहे. रेशीमकीटकांना मात्र पाचव्या अवस्थेत रात्री उठून पाला घालते, तसाच घालत राहीन.