८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, दीड वर्ष वापरून: दीर्घिका बघायच्या असतील तर अंधारात न्यावीच लागते

दीड वर्ष झालं दुर्बीण घेऊन, आता लिहायला हरकत नाही. ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बेसवर ठेवून हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण), आरसा २०३ मिमीचा, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, सोबत २५ आणि ९ एमएमचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि एक फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण). सगळं मिळून पंचावन्न हजारांच्या आसपास गेले. मी घेतली ती फक्त दीर्घिकांसाठी (म्हणजे गॅलेक्सी), चंद्र नि शनी काय छोट्या दुर्बिणीतूनही मस्त दिसतात.

पहिले तीन महिने डोंबिवलीच्या गच्चीवरून बघितलं आणि रडायची वेळ आली. देवयानी दीर्घिकेचा मधला भाग तेवढा दिसायचा, तोही काचेवर वाफ धरल्यासारखा. सप्तर्षीच्या वरच्या अंगाला एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका असतात (एम म्हणजे फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिए याच्या यादीतला क्रमांक), कितीतरी रात्री शोधल्या, काहीच नाही. मला वाटलं आरशातच दोष आहे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला फिल्टर घ्या, बार्लो (वस्तू आणखी मोठी दाखवणारं जादा भिंग) घ्या, मॅग्निफिकेशन वाढवा. कृपा करून यातलं काहीही घेऊ नका. तारा हा ठिपका असतो त्यामुळे मोठ्या आरशात तो जास्त उजळ दिसतो, पण दीर्घिका पसरलेली असते आणि तिचा उजेड नि शहराच्या आकाशाचा उजेड हे दोन्ही सारख्याच प्रमाणात दुर्बिणीत येतात. मागचं आकाशच करडं असेल तर त्यावर करडा डाग कुठून उठून दिसणार? ते फिल्टरसुद्धा तेजोमेघांसाठी (अवकाशातले वायूचे चमकते ढग) कामाचे, दीर्घिकांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, फिल्टर लावला की तोही कापला जातो. त्या पैशांत पेट्रोल भरा, खरंच सांगते.

आम्ही भरलं. माझ्या आत्याचं गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे. कसारा घाट चढून घोटीवरून वळलं की डोंबिवलीहून साधारण चार तास. नळी मागच्या सीटवर आडवी बसते, सव्वा मीटरच्या आत आहे, खाली गोधडी टाकायची आणि सीटबेल्ट लावायचा. बेस मात्र आमच्या छोट्या गाडीच्या डिकीत जात नाही, तो पुढच्या सीटवर जातो आणि मी मागे नळीशेजारी अंग चोरून बसते. दोन्ही मिळून वीस किलोच्या आसपास आहे, दोन खेपांत एकटी उचलू शकते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये भाताची खाचरं रिकामी असतात पण तिथे जमीन भुसभुशीत, बेस डुलतो. म्हणून आम्ही शेताच्या कडेच्या कातळावर लावतो. घाटातून आल्यावर आरसे हललेले असतातच, त्यामुळे कोलिमेशन (दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं) उजेड असतानाच करून घ्यायचं, नंतर अंधारात स्क्रू सापडत नाहीत. मी त्यासाठी लेझर घेतला नाही. आयपीसच्या जागी बसेल अशा एका डबीच्या झाकणाला बरोबर मधोमध भोक पाडलंय, त्यातून बघत मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवायचे की त्या भोकाचं प्रतिबिंब मोठ्या आरशावरच्या खुणेच्या गोलात येऊन बसतं. दहा मिनिटांचं काम. मग निदान पाऊण तास नळी उघडी ठेवून आरसा बाहेरच्या हवेइतका गार होऊ द्यायचा, तोपर्यंत पिठलं-भाकरी.

आता मुख्य गोष्ट. मार्चच्या अमावस्येला, रात्रीचे दहा. आत्याला विनंती करून ओट्यावरचा बल्ब बंद केला, मोबाईल पिशवीत टाकला, टॉर्चला लाल जिलेटिन बांधलं होतं. अर्धा तास डोळे अंधाराला सरावू दिले (हा अर्धा तास गाळलात तर अख्खी रात्र वाया जाते, आणि एकाने जरी मोबाईल पेटवला तरी पुन्हा पहिल्यापासून). सिंह राशीत पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे आहेत, त्यातला दक्षिणेकडचा धरायचा आणि तिथून साधारण अडीच अंश आणखी दक्षिणेला सरकायचं. २५ एमएमचा आयपीस, म्हणजे ४८ पट. आणि दोन लांबट पुंजके एकाच वेळी समोर आले, एम ६५ आणि एम ६६. शोधावे लागले नाहीत, सरळ होते तिथे. गच्चीवर जी दुर्बीण मी सदोष समजत होते तीच ही, तोच आरसा, तेच आयपीस.

शेजारची तिसरी दीर्घिका, एनजीसी ३६२८ (एनजीसी ही आणखी एक मोठी यादी), लगेच दिसली नाही. तिचा उजेड जास्त पसरलेला आहे. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध नसतातच, त्यामुळे थेट बघितलं की फिकट गोष्ट नाहीशी होते आणि नजर जरा बाजूला नेली की उमटते. मी एम ६६ कडे बघत राहिले, लक्ष मात्र वरच्या रिकाम्या जागेवर, आणि नळीला बोटाने हलकीशी टिचकी मारली. हललं की डोळ्याला फिकट वस्तू लवकर कळते. तेव्हा एक लांब, बारीक, राखाडी रेघ आली, गेली, परत आली आणि मग थांबली. एम ६५, ६६ मेसिएच्या यादीत १७८० सालीच आल्या पण ही खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला १७८४ मध्ये सापडली, का ते मला त्या रात्री डोळ्यांनीच कळलं. साडेतीन कोटी प्रकाशवर्षांवरचा उजेड, मध्ये कुठलाही स्क्रीन नाही.

आत्यानेही बघितलं. पहिल्यांदा म्हणाली, "पोरी, धुकं दिसतंय नुसतं." मी म्हटलं, "आत्या, तेच बघायचंय, जरा बाजूला बघ आणि श्वास सोडून थांब." दोनेक मिनिटं ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "दोन हायेत. नाय, तीन." मला न सांगता तिने तिसरी शोधली याचा जो आनंद झाला तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर कन्येकडे गेलो. उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला विंडेमियाट्रिक्स तारा यांच्या साधारण मधोमध एम ८४ आणि एम ८६ आहेत आणि तिथून मार्केरियनची साखळी, म्हणजे दीर्घिकांची एक ओळ, सुरू होते. नळी हळूहळू ढकलत गेलं की एक पुंजका बाहेर जातो तोवर दुसरा आत येतो, मी सात मोजले आणि मग मोजणं सोडून नुसती बघत राहिले. हा समूह साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. आणि ज्या कातळावर बेस ठेवला होता तो सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे तिथून उजेड निघाला तेव्हा आमच्या पायाखालचा दगड थंड होऊन कोटभर वर्षं झाली होती. हे मला तिथे बसल्या बसल्या सुचलं आणि मी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

फोटोसारखं काही दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. रंग अजिबात नाही, इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग कळतच नाही. एम ५१ मध्ये दोन गाभे स्वच्छ दिसतात, सर्पिल हात मात्र मला एकदाच भासल्यासारखे झाले (लॉर्ड रॉसने १८४५ मध्ये ते ७२ इंची आरशातून बघितले होते, आपला आठचा आहे). एम ८२ ९ एमएमने, म्हणजे १३३ पटीत, फार सुंदर, मधोमध काळसर चीर दिसते. एम १०४ चा काळा पट्टाही दिसला, तेव्हा मी मोठ्याने ओरडले.

आता उणिवा. खोक्यातून काढली तेव्हा छोट्या आरशाचा मधला स्क्रू सैल होता आणि बेसच्या एका फळीचं भोक चुकीच्या जागी. दुकानाने फळी बदलून दिली पण पाच आठवडे लावले आणि कुरिअरचे पैसे मला भरायला लावले. तुम्ही घ्याल तेव्हा खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. बेस पार्टिकल बोर्डचा आहे, डिसेंबरात दव इतकं पडतं की कडा फुगायला लागल्या, मी कडांना वॉर्निश मारलं आणि खाली जुनं रेक्झीन घालते. फाइंडर सरळ नळीचा, डोक्यावरचं बघताना मान अक्षरशः दुखते, काटकोनी घेतला तेव्हा बरं वाटलं. तेवढा एक खर्च करा.

आणखी एक, जे परदेशी रिव्ह्यूत सापडणार नाही. आपल्याकडून सिंह आणि कन्येतल्या या दीर्घिका मध्यावर आल्या की जवळजवळ डोक्यावर येतात आणि डॉबला नेमकं तिथेच फिरवणं सगळ्यात अवघड, नळी उभी झाली की बाजूला ढकलायला तरफच मिळत नाही. म्हणून मार्चमध्ये दहाच्या सुमाराला सिंह बघून घ्या, मध्यरात्री सप्तर्षीकडे जा आणि दोननंतर कन्या परत धरा.

बाकी बांधणी इतकी साधी आहे की बिघडायला काही नाहीच. जॉन डॉब्सन, ज्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत वीसेक वर्षं संन्यासी होते आणि पुढे फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. आत्याच्या वाडीत आता संध्याकाळी गाडी दिसली की शेजारची चार-पाच पोरं येऊन बसतात.

एप्रिलच्या अमावस्येला नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी ५१२८ ही दीर्घिका बघायची आहे. आपल्याकडून ती दक्षिणेला अठ्ठावीसेक अंशच वर येते आणि आत्याच्या शेताच्या दक्षिणेला डोंगर आहे, त्यामुळे दुर्बीण वरच्या माळावर न्यावी लागेल, जमलं की इथेच लिहीन.