आठ महिन्यांनी लिहितेय: स्वालबार्डचं छोटं जहाज, खर्च, जेवण, अस्वल, सगळं

गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ ला, आम्ही दोघं छोट्या जहाजानं स्वालबार्ड फिरून आलो, दहा दिवस. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं वा वा लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता आठ महिने झाले, थंडीचे कपडे पेटीत गेले, फोटो सगळ्यांना दाखवून झाले, पैशाची धाकधूक संपली, त्यामुळं आता जे वाटतंय ते पक्कं. सोलापुरातल्या तीन-चार जणींनी विचारलंय जाऊ का म्हणून, त्यांना फोनवर सांगायला तास लागतो, म्हणून इथं लिहिते.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वे आणि उत्तर ध्रुवाच्या मधली बेटं, ७४ ते ८१ अंश उत्तरेला. लाँगयिअरबिएन नावाचं एक गाव आहे ७८ अंशावर, ऑस्लोवरनं विमानानं तीन तास, तिथनं जहाज सुटतं. झाड एक नाही. जुलैत सूर्य मावळतच नाही, रात्री दोनला डेकवर गेलं तरी आपल्याकडं सकाळी आठला असतं तसं ऊन. तापमान पाच-सहा, वारा सुटला की शून्याच्या खाली वाटतं. निघायच्या दिवशी सोलापुरात घामानं ब्लाऊज भिजलेला होता आणि चौथ्या दिवशी मी चार थर घालून बर्फाच्या भिंतीसमोर उभी.

आता मुख्य गोष्ट, जहाज. आमच्या जहाजावर नव्वद प्रवासी होते. इथं बरेच जण मोठ्या क्रूझची जाहिरात बघून विचारतात की त्यात स्विमिंग पूल आहे, शो आहेत, पैसेही कमी, मग छोटं कशाला. कारण असं की १ जानेवारी २०२५ पासून नॉर्वेनं नियम कडक केलेत, तिथल्या संरक्षित भागात दोनशेच्या वर प्रवासी असलेलं जहाज जाऊच शकत नाही आणि त्या भागात ठरवून दिलेल्या ४३ जागा सोडून कुठं उतरताही येत नाही. आणि स्वालबार्डचा बहुतेक भाग संरक्षितच आहे. आपण पैसे देतो ते किनाऱ्यावर उतरायचे, केबिनचे नाही. आमची केबिन अगदी साधी, एक गोल खिडकी, दोन पलंग, त्यात आम्ही झोपण्यापुरतेच असायचो. दहा दिवसांत अकरा वेळा जमिनीवर उतरलो, शिवाय रबरी बोटीतनं हिमनद्यांसमोर फेऱ्या वेगळ्या. त्यामुळं बुक करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की माणसं किती आणि गाईड किती, बाकी गालिचा कसा आणि खिडकी केवढी हे नंतर.

खर्च, दोघांचा विमानासकट सोळा लाखाच्या वर गेला. आमच्या ह्यांनी निवृत्तीच्या पैशातनं बाजूला काढून ठेवले होते. ज्यांना त्यासाठी कर्ज काढावं लागणार आहे त्यांनी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिसाचं नीट वाचा. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, १९२० च्या कराराची जागा आहे ती आणि त्या करारात भारतसुद्धा आहे, पण जायचं नॉर्वेवरनं आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत मिळून एकच व्हिसा चालतो त्यांच्या, बाहेर, म्हणजे ऑस्लोत बाहेर पडल्याचा शिक्का आणि परत येताना पुन्हा आत आल्याचा शिक्का. त्यामुळं दोनदा प्रवेश असलेला व्हिसाच पाहिजे. आम्हाला ज्यांनी तिकिटं काढून दिली त्यांनी एकदा प्रवेशाचा फॉर्म भरून ठेवला होता, "मॅडम नॉर्वेच आहे की सगळं" म्हणाले. माझ्या भाच्यानं फॉर्म द्यायच्या आदल्या रात्री तो वाचला म्हणून निभावलं, नाहीतर परतीच्या वाटेवर लाँगयिअरबिएनच्या विमानतळावरच बसलो असतो. मला आजही त्याचा राग आहे, एवढे पैसे घेऊन ही एक गोष्ट त्यांना माहीत नसावी?

जहाजावर चढल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांचे जॅकेट, पिशव्या, वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या व्हॅक्यूम लावून साफ करून घेतले, बुटाच्या तळातनं बाहेरच्या गवताचं बी सुद्धा जाऊ द्यायचं नाही. बूट त्यांनीच दिले, गुडघ्यापर्यंतचे रबरी. रबरी बोटीत उतरताना हात हातात द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं, म्हणजे ओला हात सुटत नाही. ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, घरातनं निघताना हीच धास्ती होती, पण खलाशी असा घट्ट धरून पायरीपायरीनं उतरवायचा की दुसऱ्या दिवसापासनं भीती गेली. तरी ज्यांना जिन्याचा त्रास आहे त्यांनी विचार करा, शिडी ओली आणि हलती असते.

जमिनीवर आधी गाईड जातात, बंदूक घेऊन, आसपास अस्वल नाही याची खात्री करतात, चारी बाजूंना उभे राहतात आणि मग आपण. दोनदा सगळे तयार होऊन उभे राहिलो आणि धुकं आलं, उतरणं रद्द. एका वेळी तर अर्धे लोक बोटीत बसले होते. एक गृहस्थ भांडले की आम्ही याचे पैसे भरलेत. गाईड मुलगी, असेल तिशीची, शांतपणे म्हणाली की मला पन्नास मीटरच्या पुढचं दिसत नाही, अस्वल आलं तर मला त्याला मारावं लागेल आणि ते मला करायचं नाही. सगळे गप्प. हिन्लोपेन नावाच्या सामुद्रधुनीत पक्ष्यांचा मोठा कडा आहे, त्यासाठीच मी ही सहल निवडली होती, वाऱ्यामुळं तिथं बोटी उतरवताच आल्या नाहीत. वाईट वाटलं, त्या रात्री मी रडले सुद्धा. तेव्हा छापील कार्यक्रमावर जाऊ नका, तिथं रोज संध्याकाळी उद्याचं ठरतं.

अस्वल दिसलं, एकदाच. जुलैत तीनशे मीटरच्या आत जायचं नाही असा नियम आहे, ३० जूनपर्यंत तर पाचशे. नुसत्या डोळ्यांना तो मळकट साईच्या रंगाचा ठिपका होता, बर्फ पांढरा आणि हा पिवळसर, म्हणून कळला. दुर्बिणीतनं मात्र दिसलं की ते चालताना पुढचे पंजे आत वळवून टाकतं आणि मध्येच थांबून नाक वर करतं. इंजिन बंद, नव्वद माणसं डेकवर, कुणी बोलत नव्हतं. पाऊण तास. मोबाईलवरच्या फोटोत काही नाही, जाऊबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या कुठंय. दुर्बीण माणशी एक घ्या, एकीत दोघांचं भागत नाही.

हिमनदीसमोर बोट थांबवली की पाण्यातल्या बर्फाच्या तुकड्यांचा आवाज येतो, तडतड तडतड, फोडणीत मोहरी पडल्यासारखा. शेकडो वर्षं अडकून पडलेली हवा बुडबुड्यांतनं सुटत असते. हा आवाज मी रेकॉर्ड केलाय आणि अजून ऐकते. वॉलरसचा वास मात्र लांबनंच येतो, तीस-चाळीस जण एकमेकांवर पडलेले, एक हलला की सगळे कुरकुरणार. शिकारीनं संपतच आले होते, १९५२ ला बंदी आली, आता परत वाढलेत. स्मीरेनबर्गला सतराव्या शतकातल्या डच लोकांच्या भट्ट्यांचे अवशेष आहेत, देवमाशाची चरबी वितळवायच्या. १९४६ च्या आधीची कुठलीही वस्तू तिथं वारसा म्हणून जपलेली आहे, खिळा सुद्धा उचलायचा नाही.

नी-ओलेसुंड ही तिथली संशोधकांची छोटी वस्ती, तिथं आपलं हिमाद्री आहे, २००८ पासनं चालणारं भारताचं संशोधन केंद्र. तिथं मोबाईल, घड्याळ सगळं फ्लाईट मोडवर, कारण वायफाय-ब्लूटूथनं त्यांच्या अँटेनांना अडथळा येतो. आत जाता आलं नाही, रस्त्यावरनंच पाहिलं. ह्यांनी नकळत चप्पल काढावी तसे दोन्ही हात जोडले. आणि लाँगयिअरबिएनला विमानतळाजवळच्या डोंगरात ती बियाणांची तिजोरी आहे, जगभरातलं बी गोठवून ठेवलेलं. हैदराबादच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेनं तिथं ज्वारीसुद्धा ठेवलीय. माझं माहेर मंगळवेढ्याचं, ज्वारीच्याच गावचं. बाहेरनं नुसतं काँक्रीटचं दार दिसतं, आत कुणाला सोडत नाहीत, पण त्या थंडगार डोंगरात ज्वारी आहे एवढ्यानं मला भरून आलं, आमच्या आबांची कोठारं आठवली.

जेवण. आम्ही शाकाहारी, आधी दोनदा मेल करून सांगितलं होतं. सूप, ब्रेड, बटाटा, पास्ता, डाळीसारखं काहीतरी रोज, चव फिकी पण पोट भरायचं. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर नेली होती, चौथ्या दिवशी टेबलावरच्या नॉर्वेच्या बाईंनी चटणी मागून घेतली आणि शेवटपर्यंत रोज मागायच्या. बोटीतनं किनाऱ्यावर खायचं काही न्यायचं नाही, ते लक्षात ठेवा. समुद्र लागायची गोळी मात्र पहिल्या रात्रीच घ्या, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या, बाहेर पडलं की जहाज हलतं, मी उशीर केला आणि एक सकाळ गेली.

कपड्यांचं सांगायचं तर मेंढीच्या लोकरीचे आतले कपडे दोन जोड बास, ते अजून नव्यासारखे आहेत, भाचा लेहला जाताना घेऊन गेला. वॉटरप्रूफ पँट स्वस्तातली घेतली होती, तिसऱ्या दिवशी शिवणीतनं पाणी आलं, तिथं पैसे वाचवू नका. टच करता येणारे म्हणून घेतलेले हातमोजे फुकट गेले.

सगळ्यात जास्त वापरात आहे ती दुर्बीण. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. फेब्रुवारीत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेलो, कुंभारगावच्या बाजूनं. नाववाल्यानं सवयीनं नाव थेट थव्याकडं घातली, पक्षी माना वर करून चालायला लागले. म्हणलं, "दादा, इथंच थांबवा, इंजिन बंद करा." तो म्हणाला, "ताई, सगळे जवळ न्या म्हणतात, फोटो येत नाही लांबनं." त्याला एक दुर्बीण दिली. तो बराच वेळ बघत राहिला, मग नुसतंच म्हणाला, "चोच उलटी घालतंय की पाण्यात." वीस वर्षं तो त्यांच्यात नाव फिरवतोय. आम्ही तसेच बसलो, वाऱ्यानं नाव हळूहळू वळत होती, आणि थोड्या वेळानं थवाच चरत चरत आमच्याकडं सरकायला लागला.