काथ्याच्या भावात थर्माकोल

अकोल्यातल्या आमच्या घराचा वरचा मजला मे महिन्यात रात्री बारा वाजेपर्यंत भट्टीसारखा तापलेला असतो. म्हणून मी गेल्या वर्षी 'उसाचे चिपाड आणि नारळाचा काथ्या दाबून केलेल्या' उष्णतारोधक शीट छताखाली बसवून घेतल्या. आठ बाय चार फुटांच्या, ५० मिलिमीटर जाडीच्या २० शीट, ११५ रुपये चौरस फूट या दराने ७३,६०० रुपयांना पडल्या.

विक्रेत्याने दाखवलेला वीतभर नमुना खरा होता. मोडून पाहिला तेव्हा आरपार तांबूस तंतूच दिसले. आलेल्या मालाच्या चारही कडा मात्र तपकिरी टेपने बंद केलेल्या होत्या आणि हमाल दोन-दोन शीट डोक्यावर घेऊन जिना सहज चढत होता. माहितीपत्रकात घनता १५० किलो प्रति घनमीटर छापलेली होती, म्हणजे एकेक शीट साधारण २२ किलोंची भरायला हवी होती. हा हिशोब मी तेव्हा केला नाही. उलट काम लवकर उरकले म्हणून त्याला चहा पाजला.

खोली खरोखरच थंड झाली, आणि त्यामुळेच वर्षभर मला कसलाही संशय आला नाही. पंख्याच्या नव्या वायरसाठी इलेक्ट्रिशियनने छताला भोक पाडले, तेव्हा त्याच्या केसांवर पांढरे मणी भुरभुरले. काथ्याचा थर वर-खाली जेमतेम तीन-तीन मिलिमीटर, आणि मधे सगळा थर्माकोल! त्याने गच्चीवर नेऊन एका तुकड्याला काडी लावली. काथ्या जळून काळा पडला, पण मधला भाग आक्रसून काळा धूर सोडत थेंबाथेंबाने गळू लागला. थर्माकोल उष्णता चांगलीच अडवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण अनेक पट स्वस्त असलेली ही वस्तू मी वायरिंगला खेटून, डोक्यावर, जाणूनबुजून कधीच लावली नसती.

नंतर कागद नीट वाचले. उष्णतावहनाचा आकडा (तो जितका कमी, तितकी उष्णता जास्त अडते) ०.०१८ वॅट प्रति मीटर केल्विन असा दिला होता. स्थिर हवेचाच तो सुमारे ०.०२६ असतो आणि काथ्याच्या शीटमध्ये उष्णता अडवते ती तंतूंमध्ये कोंडलेली हवाच, तेव्हा अशा शीटचा आकडा हवेपेक्षा कमी येणे शक्य नाही, तो ०.०४ ते ०.०५ च्या आसपास येतो. प्रयोगशाळेच्या अहवालावर 'नमुना ग्राहकाने पुरवलेला' अशी बारीक ओळ होती, इथे प्रयोगशाळेचा ग्राहक म्हणजे विक्रेताच, म्हणजे तपासला गेला तो त्याने निवडून पाठवलेला तुकडा, माझा माल नव्हे. सर्वांत घातक बिल ठरले: त्यावर काथ्या किंवा चिपाड हा शब्दच नाही, नुसते 'सीलिंग शीट' लिहिले आहे.

विक्रेता आता फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदतही अजून शिल्लक आहे. माझ्याच शिफारशीवरून मेव्हण्यांनी मागवलेल्या १२ शीट त्यांच्या गच्चीवर ताडपत्रीखाली पडून आहेत. काल त्यांनी त्यांतल्या एकीची टेप सोलली आणि मला फक्त फोटो पाठवला.