पँटेरा घ्यायला गेलो आणि १७,१२५ डॉलर घालवून बसलो, बंपर दिसत असूनसुद्धा

हे लिहायला चार महिने लागले कारण लाज वाटत होती. आमच्या मिशिगनच्या मराठी ग्रुपात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला फोन करतात, आणि मीच असा आपटलो. आकडा मुद्दाम पूर्ण लिहिलाय.

गाडी डी टोमासो पँटेरा, इटालियन स्पोर्ट्सकार, १९७१ची, पिवळी. बनली इटलीत मोदेनाला, डिझाइन घिया या डिझाइन कंपनीचं, आणि सीटच्या मागे चक्क अमेरिकन फोर्डचं ५.८ लिटरचं क्लीव्हलँड व्ही८ इंजिन. इथे ती फोर्डच्याच लिंकन-मर्क्युरीच्या शोरूममधून विकली जायची. म्हणून तर आमच्यासारखे पगारदार लोक पँटेराच्या नादी लागतात, लँबोर्गिनी मिउरा सात जन्मात परवडणार नाही पण हिच्या इंजिनचे पार्ट इथे सहज मिळतात. एकच मोठं दुखणं, गंज. मोनोकॉक बॉडी, म्हणजे खाली वेगळा सांगाडा नाही, सगळा भार पत्र्याच्या बॉडीवरच, त्या काळी गंजावर उपाय नावालाच, त्यामुळे गाडीने आयुष्य कुठे काढलं याला फार महत्त्व. आमच्याकडे हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ, आणि जाहिरातीत लिहिलेलं, पहिल्यापासून कोरड्या ॲरिझोनात. मी तिथेच विरघळलो.

फोनवर म्हातारा माणूस, अगदी सज्जन आवाज. म्हणाला गुडघे गेलेत, इतक्या खाली बसता येत नाही आणि बसलो तर उठता येत नाही. आता पँटेरा आहेच तेवढी बुटकी, आणि मला लगेच आमच्या अण्णांचे गुडघे आठवले. हसू नका. किंमत ६४,५०० ठरली, फार स्वस्त पण नाही, स्वस्त असती तर मी पहिल्याच दिवशी फोन ठेवला असता. पैसे एस्क्रोत, म्हणजे गाडी मिळेपर्यंत तिसऱ्याच कंपनीकडे, ठेवायचे, २० टक्के म्हणजे १२,९०० आधी. एस्क्रोच्या साइटची लिंक त्यानेच पाठवली. (लिंक विकणाऱ्याकडून आली की तिथेच थांबायचं, साइट आपण शोधायची आणि डोमेन कधी रजिस्टर झालंय ते बघायचं, ही माझी साइट ४० दिवसांची होती, हे मी नंतर बघितलं.)

आता बंपर. हे आठवलं की अजून रात्री झोप उडते. समोरच्या फोटोत कोपऱ्यात दोन छोटे क्रोमचे बंपर, १९७१ला तसेच असायचे, बरोबर. मागच्या फोटोत मात्र काळा, जाड, एकसंध बंपर. तो १९७२च्या मध्यापासून आलेल्या एल मॉडेलचा. मला हे माहीत होतं! एलवाले लोक काळा काढून क्रोम बसवतात, उलटं कोणी करत नाही, आणि करेल कशाला? म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांचे फोटो. पाच-दहा मिनिटं मी त्या फोटोवर झूम करून बसलो होतो आणि स्वतःलाच समजावलं की मागून कोणी ठोकली असेल, मिळाला तो बंपर लावला असेल. विचारलं पण त्याला. तो म्हणाला, "तुमची नजर चांगली आहे." झालं, मी खूश.

माणूस पाठवून गाडी तपासून घ्यायला साडेतीनशे डॉलर लागले असते. तर म्हणे गाडी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोडाऊनमधे सील झालीय. गाडी बघता येत नाही म्हणाले की गाडी नाहीच असं धरा. इंजिन थंड असताना व्हिडिओ कॉलवर चालू करायला सांगा, चेसी नंबरच्या पट्टीशेजारी आजची तारीख लिहून फोटो मागा. मग वाहतुकीचा इन्शुरन्स २,३५०, "परत मिळणारा", आणि टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, अडकलंय म्हणून १,८७५. ही शेवटची रक्कम भरताना मला आतून कळलेलं होतं, पण आधीचे १५,२५० बुडालेत हे मान्य करायची हिंमत नव्हती. बायकोला सुरुवातीला फक्त १२,९०० सांगितले.

बँक म्हणाली वायर ट्रान्सफर तुम्हीच केली, परत मागण्याची विनंती पाठवतो, नऊ दिवसांनी पत्र, समोरचं खातं रिकामं. अहो मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केलेला, ४० मिनिटं म्युझिक ऐकलं, मग फ्रॉड विभागाने सांगितलं ब्रँचला जा आणि ब्रँचने सांगितलं फ्रॉड विभागाला फोन करा! इथले पोलीस म्हणाले ॲरिझोनात तक्रार करा, ॲरिझोनावाले म्हणाले तुम्ही राहता तिथे करा, इथे परत गेलो तर काउंटरवरच्या बाईने विचारलं की गाडी चोरीला गेलीय का, म्हटलं गाडी नव्हतीच, तर म्हणे मग हा सिव्हिल मामला आहे. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, एक नंबर आला ईमेलवर. बस. चार महिने तो नंबर जपून ठेवलाय लॉटरीच्या तिकिटासारखा.

पँटेराच्या ओनर्सना फोटो दाखवले तर दहा मिनिटांत एकाने सांगितलं, क्रोमवाली गाडी जुन्या लिलावातली, काळ्या बंपरवाली भलतीच. हे मी आधी विचारलं असतं तर फुकट कळलं असतं, पण मला भीती की दुसरा कोणी गाडी उचलेल.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली. तेच फोटो, किंमत ६१,०००, गाडी आता नेवाडात. लगेच पोर्टलवर कळवायला गेलो तर जुन्या नंबरखाली भर घालता येत नाही, नवीन फॉर्म भरायचा. भरला. नवीन नंबर आलाय. पिवळी पँटेरा, पुढे क्रोम, मागे काळा, कोणाला दिसली तर त्या म्हाताऱ्याला फोन करू नका, आवाज खरंच फार चांगला आहे त्याचा.