तांब्याचा २० लिटरचा बंब: अकरा महिने रोज वापरल्यानंतर

बंब घ्यावा का, असं कुणी विचारलं की आधी त्यालाच विचारावं लागतं: लाकूड कुठलं आहे आणि कधी तोडलेलं आहे? धूर होतो, काजळी चिकट येते, पाणी लवकर तापत नाही, या बंबाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक मुळात लाकडाच्या असतात. म्हणून या अनुभवात अर्धी जागा बंबाला आणि अर्धी सरपणाला दिली आहे.

वापर असा: कोकणातलं घर, माणसं चार, रोज सकाळी एकदाच पेटवायचा, पाणी विहिरीचं. पहिले २० लिटर तापले की काढत जायचं आणि तितकंच गार ओतत राहायचं. सगळ्यांच्या आंघोळी मिळून ४० लिटर कढत पाणी लागतं, त्यात गार मिसळून पुरतं.

बंबाचा पत्रा २२ गेजचा (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ), जाळी, पाय आणि पितळी तोटी धरून वजन सहा किलोच्या आसपास. २४ गेजचा बंब स्वस्त पडतो, पण त्याला पोचे लवकर येतात आणि नळ्याच्या, म्हणजे ज्यात लाकूड जळतं त्या मधल्या उभ्या नळीच्या, सांध्यावर ताण पडतो. भाव किलोवर असतो, तेव्हा वजन करूनच घ्यावा आणि लोखंडी जाळी वेगळी काढून वजन करायला सांगावं, नाहीतर लोखंड तांब्याच्या भावात घेतलं जातं. मठारकाम केलेला, म्हणजे ठोके मारून घडवलेला बंब दिसायला छान असतोच, पण ठोक्यांनी पत्रा कडकही होतो. पुण्याच्या तांबट आळीत हे काम अजून होतं.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. मधला नळा किमान पाच इंच रुंद हवा. चार इंची नळ्यात दोन लाकडं टाकली की वाराच कोंडतो. खालचं राखेचं दार हाताची मूठ आत जाईल एवढं हवं. आणि तोटी तळापासून निदान चार बोटं वर हवी. तोटी अगदी तळाला असली तर बंब पूर्ण रिकामा होतो, निखारे आतच असतात, आणि पाणी नसलेल्या नळ्याचा डाख, म्हणजे सांधा जोडणारं झाळण, वितळतो. रिकामा बंब पेटवणं ही एकच चूक अशी आहे की ती एकदा झाली तरी बंब दुरुस्तीला जातो.

बंबाची खुबी अशी की जाळ पाण्याच्या पोटात असतो. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाशी आणि थोडा कडेने लागतो, बाकीचा निघून जातो. बंबात नळ्याला चहूबाजूंनी पाणी. पण याच रचनेत त्याची अडचणही आहे. नळ्यापलीकडे पाणी असल्यामुळे त्याची भिंत पाण्याच्या उकळबिंदूच्या फारशी वर कधी जात नाही. लाकडातून निघणारा वायू पेट घेण्याआधी त्या गार भिंतीला लागला की तिथेच थिजतो आणि डांबरासारखा थर धरतो. ओलं किंवा जाड लाकूड चुलीत कसंबसं जळून जातं, बंबात जळत नाही, धुमसतं.

पहिल्या पाच-सात मिनिटांत जाळीवर टपटप पाणी पडताना दिसलं तर बंब गळतो असं समजू नका. लाकूड जळताना वाफ तयार होते आणि गार नळ्याला लागून तिचं पाणी होतं. पाणी हाताला चांगलं गरम लागू लागलं की हे थांबतं. त्यानंतरही थेंब येत राहिले तर मात्र डाख तपासायचा.

पेटवण्याची रीत ठरलेली ठेवली की पंचवीस मिनिटांत पहिलं पाणी मिळतं. आदल्या दिवशीची राख काढून जाळीची भोकं मोकळी करायची. बंब काठोकाठ नाही, तर दोन बोटं कमी भरायचा. जाळीवर मूठभर सुकी झावळीची पाती, त्यावर पोयीच्या (नारळाच्या फुलोऱ्यावरच्या सुक्या आवरणाच्या) चिरफळ्या, त्यावर करवंटीचे दोन-तीन तुकडे. खालचं दार पूर्ण उघडं ठेवून काडी खालून लावायची. करवंटी पेटली की वीतभर लांबीची, दोन बोटं जाडीची चार-पाच लाकडं वरून उभी सोडायची. आडवी पडली तर अडकतात आणि वरून धूर येतो. जाळ स्थिर झाला की दार अर्धं लोटायचं, म्हणजे उष्णता नुसती वर निघून जात नाही. पुढे एका वेळी दोनच लाकडं टाकायची, नळा कधीही भरून टाकायचा नाही.

आता हिशोब. विहिरीचं पाणी साधारण २५ अंशांवर असतं. ४० लिटर पाणी तिथून ७० अंशांपर्यंत न्यायला १८०० किलोकॅलरी लागतात, विजेच्या भाषेत दोन युनिटांहून किंचित जास्त. चांगल्या सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३८०० किलोकॅलरी धरल्या, तर रोज लागणाऱ्या दीड किलोपैकी तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. पावसाळ्यात हेच सव्वादोन किलोवर जातं. अकरा महिन्यांत एकूण सहाशे किलोच्या आत-बाहेर लाकूड लागलं. वर्षाला आठशे किलोची बेगमी ठेवली की ओढाताण होत नाही. त्याची रास दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच होते. जागा आधी तेवढी मोजून ठेवा.

सरपणाचा मुख्य स्रोत वाडीच. नारळाचं काहीच वाया जात नाही, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळा. करवंटी कडक जळते, तिला धूर कमी. पिढे, म्हणजे झावळीचे बुडाकडचे जाड देठ, सुकले की उत्तम, मात्र कोयत्याने उभे चिरून सुकवायचे, अखंड पिढा आतून महिनोनमहिने ओला राहतो. सोडणं, म्हणजे नारळावरची काथ्याची सालं, जाळ धरत नाहीत, धुमसतात आणि राख फार करतात. आंघोळी झाल्यावर निखारा टिकवायला एखादं टाकावं, तेवढंच.

भातशेतीच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जमीन भाजायला, थंडीत ऐन-किंजळीची कवळं (पाल्यासकट फांद्या) तोडतात, त्यातल्या जाड फांद्या बाजूला काढल्या तर बंबासाठी याहून चांगलं लाकूड नाही. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) फांद्या सरळ, हव्या त्या जाडीच्या आणि दरवर्षी नव्याने फुटणाऱ्या. कुंपणाला दोनशे फूट गिरिपुष्प असेल तर बराचसा भार तेच उचलतं. आंबा मध्यम, लवकर पेटतो नि लवकर संपतो. पांगारा, सावर, शेवगा यांच्यामागे कुऱ्हाड घेऊन जाऊ नये, मेहनत वाया. बिब्ब्याचं लाकूड चुकूनही जाळू नका, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. काजूबियांची टरफलं अनेकांना फुकटचं इंधन वाटतात, पण त्यांच्यातलं तेल डोळ्यांना नि कातडीला झोंबतं आणि जाळीवर गळून घट्ट बसतं.

झाड स्वतःच्या जागेतलं आहे म्हणून तोडता येतंच असं नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, साग, खैर ही झाडं आहेत. ती उभी तोडायला आधी परवानगी घ्यावी लागते. बंबाला उभं झाड तोडायची गरजही नाही. त्याला हवी ती मनगटाहून बारीक फांदी.

तोडण्याची वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट. कार्तिकापासून माघापर्यंत तोडलेलं लाकूड फाल्गुन-चैत्र-वैशाखाच्या उन्हात तयार होतं. काजूची छाटणी मात्र हंगाम संपल्यावर, पावसाच्या तोंडावर होते. ते लाकूड त्या पावसाळ्यात वापरायचं मनातही आणू नये, ते पुढच्या वर्षीचं. दोन राशी वेगळ्या ठेवल्या की घोटाळा होत नाही.

मनगटाहून जाड जे असेल ते फोडायचंच. साल पाणी आत शिरू देत नाही तसं बाहेरही जाऊ देत नाही. सालीसकट गोल ओंडका तीन महिन्यांनीही आतून ओलाच निघतो. फोडताना गाठ टाळून, टोकाला आधीच पडलेल्या चिरेवर पाचर लावायची. सुकलं का हे पाहायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो: रास रचताना एक लाकूड खूण करून वजन करून ठेवायचं आणि दर आठवड्याला पुन्हा करायचं. ऐनाची किलोभर ओली फांदी उतरत उतरत सहाशे ग्रॅमवर येऊन थांबते. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. काटा नसेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपटून पाहा. खणखणीत वाजलं तर सुकं, धप्प वाजलं तर ओलं. अर्धं पाणीच असलेल्या ओल्या लाकडातून किलोमागे निम्म्याहूनही कमी उष्णता हाती येते, आणि काजळी मिळते ती वेगळीच.

रास मातीवर रचू नका, वाळवी आठवड्यात चढते. खाली जांभ्याचे चिरे, त्यावर पोफळीचे वासे, जमिनीपासून वीतभर उंच. मिरगाच्या आधी वरून छप्पर हवंच. पण प्लास्टिकने चारी बाजू गुंडाळल्या की आत बुरशी धरते. वर झाकण, बाजू मोकळ्या, फक्त झडीच्या अंगाला झापं बांधायची. आणि राशीत उघडा हात घालायचा नाही, अंधारात तर नाहीच. फुरसं आणि विंचू यांना अशी जागा फार आवडते. काठीने हलवून, उजेडात, वरच्या थरापासून लाकूड काढायचं.

पावसाळ्यात छपराखालचं सुकं लाकूडही हवेतला ओलावा ओढतं. उपाय साधा: पुढच्या दोन दिवसांचं लाकूड चुलीजवळ आणून ठेवायचं आणि करवंट्यांचा साठा श्रावण संपेपर्यंत जपून वापरायचा. हे केलं नाही तर जुलैत रोज सकाळी फुंकणी हातात येते.

बिघाड झाले ते असे. तिसऱ्या महिन्यात तोटीच्या बुडाशी पाझर सुरू झाला, डाख नीट भरलेला नव्हता. तांबटाकडून पुन्हा डाख घालून घेतल्यावर परत त्रास नाही. तोटीतला रबरी वायसर कढत पाण्याने कडक होतो. तो सहा महिन्यांत बदलावा लागला. लोखंडी जाळी पावसाळ्यात खाल्ली गेली, कारण राख दोन-दोन दिवस आत राहिली. राखेत दमटपणा शिरला की तिचं खारं पाणी होतं आणि ते लोखंड पोखरतं. आता बिडाची जाळी बसवली आहे आणि राख रोज काढली जाते. ती राख नारळाच्या आळ्यात जाते, युरियासोबत मात्र टाकायची नाही, त्यातला नत्र उडून जातो.

नळ्यातली काजळी पंधरा दिवसांनी काढायची. सळईला काथ्या गुंडाळून गार बंबात वर-खाली घासलं की सुटते. काजळी कोरडी, पिठासारखी निघाली तर लाकूड बरोबर आहे. चिकट निघाली तर राशीकडे जाऊन पाहा. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांच्या नळ्याला पाण्याच्या बाजूने क्षार बसतात आणि तापायचा वेळ हळूहळू वाढतो. बंबभर कोमट पाण्यात पाव किलो लिंबूसत्त्व घालून दोन तास ठेवायचं, मग दोनदा विसळून टाकायचं. बाहेरून चकाकी हवी तर आमसुलाची साल किंवा बिंबल आणि मीठ. आतून कल्हई नसल्यामुळे हे पाणी पिण्या-शिजवण्याला घेऊ नये.

शेवटी जागा. बंब न्हाणीघराच्या आत, दार लावून, कधीही पेटता ठेवू नका. निखारा दिसायला शांत असतो, पण बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, आंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत भोवळ येते आणि जीव जाऊ शकतो. बंब मागील दारी, पडवीत, निदान दोन बाजू मोकळ्या असलेल्या जागी हवा, आणि नळ्याच्या तोंडापासून वाशांपर्यंत चार फूट अंतर हवं. पाणी बादलीने आत न्यायचं. चार पावलं जास्त पडतात, पडू द्यावीत.