चित्रपट्टी की तोंडी सूचना? बडोद्यातील मराठी पालकांसाठी तुलना

पहिली-दुसरीतील मुलाने दप्तर भरणे, गृहपाठाला बसणे, राग आवरणे या गोष्टी स्वतःहून कराव्यात, यासाठी भिंतीवर चित्रपट्टी (कामांची क्रमाने लावलेली चित्रे) लावावी की तोंडी आठवण करावी, हे मुलाचे नेमके कुठे अडते ते पाहून ठरवावे.

तोंडी सूचना प्रसंगानुसार चटकन बदलता येते, परंतु ती उच्चारताच विरते. ‘हात धू, डबा ठेव, वही काढ, तारीख लिही’ असे एका दमात सांगितले की शेवटची कामे लहान मुलाच्या लक्षात राहत नाहीत, आणि त्याला आपण हट्टी ठरवतो, हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय मूल कामाऐवजी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागते.

चित्र जागेवर राहते; मूल त्याकडे आपण होऊन परत जाऊ शकते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने स्वमग्न मुलांसाठी चित्रमय दिनक्रम वापरला, तो याच कारणाने. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत बहुधा गुजराती किंवा इंग्रजी ऐकणाऱ्या आपल्या मुलांना चित्र तिन्हीकडे सारखेच कळते. मात्र रोज बोट ठेवून वापरले नाही, तर ते भिंतीचाच भाग होऊन जाते.

क्रम ठाऊक असूनही गणित अडताच वही मिटणाऱ्या मुलाला चित्र फारसे उपयोगी पडत नाही. मोठ्यांचे बोलणे हळूहळू मुलाचे स्वतःशी बोलणे होते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी मांडले. मायकेनबॉम आणि गुडमन या संशोधकांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांना आधी मोठ्याने, मग कुजबुजत, शेवटी मनातल्या मनात स्वतःला सूचना देण्यास शिकवले. म्हणून येथे आज्ञेऐवजी ‘कुठे अडलं? आता काय करून बघशील?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. मूल गुजरातीत आकडे मोजत असेल, तर हा प्रश्न मराठीचा आग्रह न धरता गुजरातीतच विचारावा.

राग अनावर झाला असता बोलणे आवरते घेऊन, मूल शांत असताना एकत्र ठरवलेले एकच चित्र दाखवावे.

कोणताही मार्ग निवडला तरी तो काढून घेण्याची वेळ डोळ्यांसमोर असावी. तोंडी सूचना सोडणे मोठ्यांनाच अधिक जड जाते, म्हणून आधी वाक्याचा एक शब्द करावा, मग नुसते बोट दाखवावे; आणि चित्रपट्टीवरून पक्क्या झालेल्या कामाचे चित्र मुलाच्याच हाताने उतरवावे.