पार्टटाइम काम: पगारावर घ्यावं की फीवर?

क्लासचे पेपर तपासा, शनिवार-रविवार कोडिंग शिकवा, नाहीतर कुणाला डिझाइन करून द्या, पहिल्याच दिवशी अकाउंटवाले विचारतात, “पेरोलवर घेऊ की १९४-जे मध्ये?” (१९४-जे म्हणजे फीवर कर कापायचं कलम.) हातात किती येतील तेवढं विचारून मुलं सही करतात आणि पुढच्या जुलैत, रिटर्न भरायच्या वेळी, धावपळ सुरू होते.

महिना १२,००० धरू, वर्ष २०२५-२६. एकूण १,४४,०००. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे दुसरी कमाई नसेल तर दोन्हीकडे कर शून्यच. फरक कापाकापीत आहे. फी वर्षाला ५०,००० च्या वर जाणार असेल तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर), म्हणजे महिन्याला १,२००. पॅन दिला नसेल तर २० टक्के. १५-जी (माझ्यावर कर बसत नाही, कापू नका असं सांगणारा फॉर्म) भरून देतो म्हणाल, तर तो फॉर्म फीला चालत नाही.

पगारावर एवढ्या रकमेला टीडीएस नाही. पण पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) लागू असलेल्या ठिकाणी पीएफ १२ टक्के (पूर्ण पगारावर धरला तर १,४४०), ईएसआय ९०, आणि महाराष्ट्रात मुलांना प्रोफेशन टॅक्स २००. फेब्रुवारीत तो ३००. मुलींना २५,००० पर्यंत माफ. हिशेब केला तर फीवर हातात १०,८०० आणि पगारावर १०,२७०. पहिल्या महिन्यात फीच जिंकते, हे कबूल.

तरी माझा कल पगाराकडे आहे, आणि त्याला मुख्य कारण: कापलेला टीडीएस परत मिळवणं. एप्रिल २०२५ मध्ये गेलेले १,२०० रिटर्न भरल्याशिवाय, म्हणजे जुलै २०२६ च्या आसपास, परत येत नाहीत. तेही मालकानं त्याचं टीडीएस रिटर्न (कापलेल्या कराचा तिमाही हिशेब) नीट भरलं तर. जानेवारी-मार्चच्या तिमाहीसाठी त्याला ३१ मे पर्यंत मुदत असते. त्यानं उशीर केला किंवा पॅनमधलं एक अक्षर चुकवलं, की २६-एएस मध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी तक्ता) तुमच्या नावापुढे ती ओळच नसते. तुम्ही रिफंड मागता, सिस्टम क्रेडिट देत नाही, आणि दुरुस्ती फक्त त्यालाच करता येते. तोवर तुमची परीक्षा झालेली, काम सुटलेलं, अकाउंटवाले फोन उचलत नाहीत. पगारावर टीडीएस कापलाच नाही तर मागे लागायचंही काही उरत नाही.

दुसरी कटकट फॉर्मची. पगारवाल्याला आयटीआर-१, बराचसा आधीच भरलेला. फीवाल्याला सहसा आयटीआर-४, त्यात व्यवसायाचा कोड आणि ४४-एडीए या कलमाखाली निम्मी रक्कम नफा धरायची. ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. तांत्रिक सल्ला बसतो, नुसतं शिकवणं त्या यादीत नाही. म्हणून काही जण आयटीआर-१ मध्ये ‘इतर उत्पन्न’ टाकून मोकळे होतात. काम नियमित असेल तर तेही बरोबर नाही, आणि १३९(९) ची, म्हणजे रिटर्न सदोष असल्याची, नोटीस आली की उत्तराला १५ दिवस.

सुट्टीतलं दोन महिन्यांचं काम असेल आणि वर्षभरात त्यांच्याकडून ५०,००० च्या आतच येणार असतील, तर मात्र फी बरी. टीडीएस नाही, पीएफ नाही. तीन-चार ठिकाणी डिझाइन करणाऱ्यालाही पेरोल कोण देणार?

फीच घ्यावी लागली तर पॅन तोंडी सांगू नका, कार्डाची प्रत मेल करा. पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ जुलैपर्यंत जातं. ऑगस्टच्या मध्यावर २६-एएस उघडून ओळ आली का आणि तिच्यापुढे ‘एफ’ (फायनल) आहे का ते बघा. नसेल तर तिथे काम चालू असतानाच अकाउंटवाल्यांच्या टेबलापाशी जा. बँक खातं प्राप्तिकर पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट करून ठेवा (पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नसेल तर इथेच अडतं), आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय करा. एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्यानं त्यापुढच्या कमाईच्या कागदांवर १९४-जे हा आकडा दिसणार नाही. फीवरचा टीडीएस मात्र आहेच.